तीन खटके

अकरा, बारा, तेरा.

घोडा पडला होता. त्याचा 'टक्' असा आवाज सगळ्या खाणीला ऐकू गेला होता. गोळी मात्र सुटली नव्हती. अशा वेळी काय करायचं ते मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. बंदूक खांद्यावरून काढायची नाही, नळी लक्ष्यावरून हलवायची नाही आणि मनात तीस मोजायचे. काडतूस कधीकधी उशिरा वाजतं. तेवढ्यात नळी फिरवली तर गोळी कुणाच्या तरी पोटात.

म्हणून मी मोजत होते. चौदा, पंधरा.

मागे खुर्च्यांवर बसलेली मंडळी मात्र मोजत नव्हती.

"काय झालं गं? डोळा लागला काय?"

"धरू द्या की नेम. तोवर दुसरा चहा होतोय."

एकजण हसला. मग बरेच हसले. पंचवीस मीटरवर बांबूच्या तिकाटण्याला जाळीत टांगलेला कोहळा वाऱ्यावर सावकाश गोल फिरत होता. त्याच्या पोटात कुंकवाचं पाणी भरलेलं. गोळी लागली की लाल धार लागते, आणि मग सगळे टाळ्या वाजवतात. निदान दरवर्षी तसंच व्हायचं.

अठरा, एकोणीस.

"पोरी, लिव्हर पुरी ओढलीस का?"

हा आवाज बापूसाहेबांचा. बापूसाहेब इंगवले म्हणजे आमच्या रायफल क्लबचे सेक्रेटरी. मी उत्तर दिलं नाही. मोजताना बोलायचं नसतं, हा नियम त्यांनीच मला शिकवला होता.

"ओढली नसणार. मुलींचा हात आखूड पडतो हो. लिव्हर म्हणजे लाटणं नव्हे," बापूसाहेबच खुर्च्यांना सांगत होते.

परत हसू. सव्वीस, सत्तावीस. माझे कान इतके तापले होते की त्यावर पापड भाजले असते. तीस झाले. मी लिव्हर खाली ओढली, काडतूस उडून लाल मातीत पडलं. बंदूक उघडीच ठेवून मी मागे वळले, आणि बावीस तोंडं माझ्याकडे बघत होती.

मी तेव्हा नववीत होते. प्रांजल दत्ताजी खोराटे, तुकडी ब.

आता सकाळपासून सांगते.

गडहिंग्लजपासून नऊ किलोमीटरवर एक बंद पडलेली दगडखाण आहे. तिन्ही बाजूंनी कातळाच्या भिंती, त्यामुळे गोळी बाहेर जायची भीती नाही. तिथे आमचा क्लब. माझे वडील, आबा, तिथे आर्मरर. फौजेत सतरा वर्षं त्यांनी हेच काम केलं, बंदुका उघडायच्या, पुसायच्या, दुरुस्त करायच्या. रिटायर होऊन आले ते इथे लागले. माझा क्लबात शिरकाव त्यामुळेच झाला. आधी मी नुसती टार्गेटचे कागद चिकटवायचे. सातवीत पहिल्यांदा बंदूक हातात घेतली. आठवीपर्यंत मी वर्गात हात वर करायलासुद्धा घाबरायचे. नववीच्या सप्टेंबरात ज्युनिअरच्या लीगमध्ये दुसऱ्यापेक्षा चार गुणांनी पहिली आले, आणि त्या दिवसापासून मी शाळेच्या व्हरांड्यातून अशी चालायला लागले की बाई म्हणाल्या, "खोराटे, रस्ता तुमच्या एकटीचा नाही."

लीगमध्ये जो पहिला येतो त्याला खंडेनवमीला कोहळ्याचा मान. एकच गोळी, सगळ्यांच्या देखत. एकतीस वर्षांत मुलीला तो मान पहिल्यांदाच मिळत होता. आणि त्याच्याशी आणखी एक गोष्ट अडकलेली होती. पुण्याला महिन्याभराचं शिबिर होतं. त्या फॉर्मवर सेक्रेटरीची सही लागत होती, खाली छापलेलंच होतं: 'अर्जदार शस्त्र सुरक्षितपणे हाताळते असे मी प्रमाणित करतो.' फॉर्म दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी कोल्हापूरला पोचायला हवा होता. बापूसाहेब आठवडाभर म्हणत होते, "कोहळा फोड, तिथल्या तिथं सही करतो." मी फॉर्म प्लास्टिकच्या पिशवीत घालून, घडी पडू नये म्हणून नकाशाच्या पुस्तकात ठेवून आणला होता.

सकाळी पांढऱ्या चादरीवर सगळी शस्त्रं मांडली. झेंडूच्या माळा, हळदकुंकू, अगरबत्ती. मधोमध दोन लिव्हरच्या बंदुका. दोन्ही पॉइंट टू टूच्या, दोन्हींची लिव्हर चापाखालीच, खाली ओढली की एक काडतूस बाहेर, वर मिटली की दुसरं आत. जुनीला सगळे थोरली म्हणत. ती बापूसाहेबांच्या वडिलांनी आणली, तिच्यावरच क्लब उभा राहिला. नवीला धाकटी. ती दोन वर्षांपूर्वी डॉक्टर कित्तूरकरांनी घेऊन क्लबाला दिली. डॉक्टरकाका दातांचे डॉक्टर, आणि क्लबाचे रेंज ऑफिसर. म्हणजे गोळी कधी झाडायची आणि कधी नाही हे ते सांगणार.

या दोघींवरून क्लबात दोन पार्ट्या होत्या. पोह्यांच्या बशा हातात आल्या की भांडण सुरू.

"हे बटण बघा," बापूसाहेब धाकटीकडे चमचा रोखून म्हणाले. "बंदुकीला बटण. उद्या रिमोट काढतील. सोफ्यावर बसून शिकार."

"सेफ्टी आहे ती, बापूसाहेब. दाबलं की घोडा पडला तरी गोळी सुटत नाही."

"आमच्या थोरलीला बटण लागत नाही. का ते ऐका. तिची लिव्हर पुरी मिटल्याशिवाय घोडा पडतच नाही. केसभर जरी उघडी राहिली तरी चाप दगड. ही खरी सेफ्टी. लोखंडात घडवलेली. आणि लिव्हर कशी चालते, लोण्यात सुरी. तुमची धाकटी म्हणजे खुळखुळा."

"माझे आजोबा त्यांच्या जुन्या कवळीबद्दल असंच बोलायचे," डॉक्टरकाका म्हणाले. "पण खायचे वरणभातच."

सगळे हसले. बापूसाहेबसुद्धा हसले. खरं सांगायचं तर मला थोरलीच आवडायची. अजूनही आवडते. धाकटी हलकी, तिच्यावरचा काळा रंग म्हणजे सायकलीला मारतात तसा. थोरलीचा अक्रोडाचा दस्ता गालाला लावला की कुणीतरी आपल्याला ओळखतंय असं वाटतं.

"एक मात्र आहे," डॉक्टरकाका म्हणाले. "धाकटीची पिन आतच अडते. रिकामी हजार वेळा खटकवा, तिला काही होत नाही. थोरलीचं तसं नाही."

"थोरलीला काय धाड भरलीय? वडिलांच्या वेळेपासून खटकतेय."

आबा चादरीच्या टोकाशी बसून एक नळी पुसत होते. त्यांच्या हातातली चिंधी थांबली. मग परत फिरायला लागली. मी ते पाहिलं, पण तेव्हा त्याचा काही अर्थ लावला नाही. माझं सगळं लक्ष कोहळ्याकडे.

खटकवणं म्हणजे आमच्या क्लबाची रीत. पूजा झाली की प्रत्येक सभासद उठायचा, थोरलीला नमस्कार करायचा, रिकामी बंदूक आकाशाकडे धरून लिव्हर ओढायचा आणि चाप दाबायचा. टक्. तीन वेळा. थोरल्या इंगवल्यांनी, म्हणजे बापूसाहेबांच्या वडिलांनी, सुरू केलेली सलामी. बावीस सभासद होते. त्या दिवशीही बावीस जणांनी तीन तीन खटके दिले, आणि मग बापूसाहेबांनी बंदूक माझ्या हातात ठेवली. एक काडतूस दिलं. मी ते भरलं, लिव्हर पुरी ओढली, पुरी मिटली, नळीच्या टोकावरची माशी कोहळ्याच्या पोटावर आणली, श्वास अर्धा सोडला आणि चाप दाबला.

टक्.

तीस मोजून वळले तोवर बापूसाहेब माझ्यापाशी येऊन पोचले होते. त्यांनी माझ्या हातातून बंदूक घेतली. घेतली म्हणजे काढून घेतली.

"बंदुकीला बोल लावायच्या आधी दाखवतो," ते खुर्च्यांकडे बघून म्हणाले. मी बोल लावलाच नव्हता. त्यांनी खिशातलं काडतूस काढून भरलं, लिव्हर झटक्यात ओढून मिटली, आणि उभ्या उभ्या झाडली.

वाजली. कोहळ्याच्या डाव्या अंगाला भोक पडलं आणि लाल धार लागली. टाळ्या. "वा बापूसाहेब, हात अजून तोच आहे." माझा मान, माझा कोहळा, आणि टाळ्या त्यांना.

"बंदूक ठणठणीत आहे," ते म्हणाले. "लिव्हर अर्धी ओढली, दुसरं काय. होतं असं. रडू नकोस."

"मी रडत नाहीये."

"बरं, बरं."

"मी पुरी ओढली होती, बापूसाहेब."

"पुरी ओढली असतीस तर वाजली असती ना गं बाळा."

बाळा म्हणाले ते. मी पिशवीतून फॉर्म काढला. तो त्यांच्यापुढे धरला. "सही करणार होतात."

त्यांनी फॉर्म घेतला, चष्मा वर सरकवून वाचला, आणि मला परत दिला. "काय लिहिलंय वाचलंस? सुरक्षितपणे हाताळते. जिला बंदूक उघडमीट करता येत नाही तिच्याबद्दल हे मी लिहून देऊ? उद्या तिथं काही झालं तर नाव माझ्या क्लबाचं. पुढच्या वर्षी बघू. वय आहे अजून."

पुढच्या वर्षी दहावी. पुढच्या वर्षी कुणी मला महिनाभर पुण्याला सोडणार नव्हतं, हे मला माहीत होतं आणि त्यांनाही माहीत होतं.

मी आबांकडे वळले. ते पाच पावलांवर उभे होते. लिव्हरचा आवाज पुरा की अर्धा, हे पाठ फिरवूनसुद्धा ओळखणारा माणूस तो. फौजेत डोळे बांधून बंदूक जोडायचे, असं आई अजून सांगते.

"आबा, सांगा ना तुम्ही. पुरी ओढली होती की नाही?"

आबांनी बापूसाहेबांकडे पाहिलं. मग स्वतःच्या चपलांकडे.

"बघाय लागंल, साहेब," ते म्हणाले.

एवढंच. बघाय लागंल, साहेब. मला उत्तरसुद्धा नाही, साहेबांना. मला वाटलं माझ्या छातीत कुणीतरी काडी ओढली. बापूसाहेबांचा राग एका बाजूला, आणि हा वेगळाच. मी मातीत वाकले. माझं न वाजलेलं काडतूस तिथेच पडलं होतं. पंजाबी ड्रेसच्या ओढणीला पुसलं आणि उजेडात धरलं.

पॉइंट टू टूच्या काडतुसाचं एक असतं. दारू पेटवणारा मसाला त्याच्या बुडाच्या मध्यावर नसतो, कडेत असतो. बंदुकीची पिन त्या कडेवर आपटते, कड चेपते, मसाला पेटतो. माझ्या काडतुसाच्या कडेवर पिनेची खूण होती. उथळ, नखानं दाबल्यासारखी. पण होती.

खूण होती म्हणजे पिन आपटली होती. म्हणजे घोडा पडला होता. आणि पोहे खाताना बापूसाहेब काय म्हणाले होते?

"डॉक्टरकाका," मी म्हणाले, "धाकटी मिळेल?"

"कशाला?"

"हे काडतूस तिच्यातून झाडायचंय."

"प्रांजू, सोड आता," आबा म्हणाले.

"नाही सोडत."

आबांना मी आयुष्यात पहिल्यांदा असं बोलले. डॉक्टरकाकांनी काडतूस घेऊन निरखलं, माझ्याकडे पाहिलं, आणि चादरीवरची धाकटी उचलून माझ्या हातात दिली. बापूसाहेब म्हणाले, "पूजेच्या दिवशी तमाशा कशाला?" डॉक्टरकाका म्हणाले, "रेंज ऑफिसर मी आहे, बापूसाहेब. बसा."

मी काडतूस हातानंच आत सरकवलं, जुनी खूण खालच्या बाजूला राहील आणि पिन कोऱ्या कडेवर आपटेल असं. लिव्हर मिटली. खुळखुळली थोडी, बापूसाहेबांचं खोटं नव्हतं. बटण बाजूला केलं. त्या क्षणी मला इतका राग आला होता की डोळ्यांपुढे कोहळे दोन दिसत होते. मग मला आठवलं, राग कोपरापर्यंत आला तरी चालतो, बोटापर्यंत येऊ द्यायचा नाही. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. हे माझं मीच तिथं शोधलं.

"रेंज तयार?"

"तयार," डॉक्टरकाका म्हणाले.

वाजली. कोहळ्याच्या बरोबर मधोमध भोक, आणि खालची अर्धी फोड जाळीत लोंबकळली. टाळी एकही नाही. मी लिव्हर ओढली, रिकामी पुंगळी उडाली, ती मी हवेतच पकडली. चटका बसला. बसू दे म्हटलं.

"काडतूस चांगलं होतं," मी म्हणाले.

"तेच मी म्हणतोय," बापूसाहेब म्हणाले. "काडतूस चांगलं, बंदूक चांगली. राहिला तुझा हात."

मी पुंगळी त्यांच्यापुढे धरली. "हिच्या कडेवर दोन खुणा आहेत. ही खोल, धाकटीची. ही उथळ, थोरलीची. मी लिव्हर अर्धी ओढली असती तर काडतूस पिनेपुढे गेलंच नसतं, आणि अर्धी मिटली असती तर थोरलीचा घोडा पडला असता का?"

त्यांची नजर पुंगळीवर गेली.

"केसभर उघडी राहिली तरी चाप दगड, असं सकाळी कोण म्हणालं? तुम्हीच शिकवलंत मला. घोडा पडलाच नसता तर ही खूण कुठून आली?"

खुर्च्यांवर कुणीतरी खोकलं. बापूसाहेबांनी पुंगळी घेतली. चष्मा खाली ओढला. पुंगळी फिरवली, परत फिरवली. त्यांचा चेहरा मी पाहिला, आणि एक गोष्ट सांगते, त्यांना कळलं होतं. त्याच क्षणी कळलं होतं. पण कळलेलं तोंडातून बाहेर यायला बावीस माणसांच्या देखत फार लांबचा रस्ता असतो.

डॉक्टरकाकांनी तोवर त्यांच्या स्कूटरच्या डिकीतून दात तपासायचा छोटा आरसा आणला होता. थोरलीची लिव्हर उघडून त्यांनी तो आत घातला, मोबाइलचा टॉर्च लावला, आणि रुग्णाला म्हणतात तसं "हं, हं" म्हणत बघितलं.

"नळीच्या मागच्या काठाला खड्डा पडलाय," ते म्हणाले. "जिथं काडतुसाची कड टेकते बरोबर तिथं. मागून पिन आपटली तरी पुढून आधार नाही, मग मसाला चेपणार कसा? कधी वाजेल, कधी नाही. बापूसाहेबांची वाजली, हिची नाही. नशीब."

आरसा हातोहात फिरला. प्रत्येकानं आत डोकावून मान हलवली. माझ्या छातीत वाजंत्री सुरू झाली होती. जिंकले होते मी. आणि तेवढ्यात बापूसाहेबांना त्यांचा रस्ता सापडला.

"खोराटे," ते वळून म्हणाले. "इकडे या. हे काय आहे? तुम्हाला इथं कशासाठी ठेवलंय? बंदुकीला खड्डा पडेस्तोवर आर्मरर काय करत होते?"

बावीस माना आबांकडे वळल्या. आबा तसेच उभे. हात मागे, पाठ ताठ, फौजी उभे राहतात तसे. आणि मला कळलं की माझ्यावरचा डाग मी पुसला तो थेट त्यांच्या अंगाला. पण तोंड थांबलं नाही, ते त्या दिवशी थांबणारच नव्हतं.

"आर्मररनं नाही पाडला तो," मी म्हणाले. "तुम्ही पाडलात."

"प्रांजल," डॉक्टरकाका म्हणाले, पण हळू.

"सगळ्यांनी मिळून पाडलात. आत काडतूस नसलं की पिन कशावर आपटते? त्या काठावरच. लोखंडावर लोखंड. बावीस जण, तीन तीन खटके. एका सकाळी सहासष्ट. दरवर्षी. सलामी देता आणि तिचेच दात पाडता. आणि मग एक दिवस ती वाजत नाही तेव्हा म्हणता मुलीचा हात आखूड."

कोहळ्यातून ठिबकणारं पाणी ऐकू यायला लागलं. बापूसाहेब इंगवल्यांनी चादरीवरच्या थोरलीकडे पाहिलं. तिच्या दस्त्यावर कुंकवाची बोटं उमटलेली होती, बावीस जणांची. त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि ती पुसली. मग माझ्यापुढे हात केला.

"फॉर्म."

मी दिला. खुर्चीच्या हातावर ठेवून त्यांनी सही केली. पेन इतकं दाबलं की 'इंगवले'तल्या वेलांटीपाशी कागद फाटला. फॉर्म परत देताना माझ्या डोळ्यांत बघून म्हणाले, "लिव्हर पुरी ओढली होतीस तू."

"हो."

"खोराटे, थोरलीला आत ठेवा," ते आबांना म्हणाले, आणि चालत जीपकडे गेले. जेवायला थांबले नाहीत.

हत्यारांची खोली खाणीच्या तोंडाशी आहे, लोखंडी दाराची. आबा थोरली घेऊन आत गेले. मी मागोमाग गेले, त्यांच्याशी बोलायचं नाही असं ठरवून. त्यांनी बंदूक कपाटात उभी केली. म्हणाले, "खालच्या खणातली पिवळी चिंधी दे."

मी खण ओढला. चिंधीखाली एक पोलादी कांडी होती, पेन्सिलीएवढी, टोकाला निमुळती. अशी वस्तू मी आबांच्या पेटीत कधी पाहिली नव्हती. पण माझं लक्ष दुसऱ्याच गोष्टीनं वेधलं. तिच्यावर गंजाची तांबूस पूड आली होती. आबांच्या खणात. जो माणूस घरातला अडकित्तासुद्धा तेल लावून ठेवतो त्याच्या खणात.

"हे काय आहे?"

आबांनी मागे वळून पाहिलं.

"दबलेला काठ परत बसवायचं हत्यार. आत घालायचं आणि फिरवायचं. इस्त्री केल्यागत."

"थोरलीचा काठ?"

"व्हय. दरवर्षी घट बसायच्या आदल्या दिवशी करतोय. बारा वर्षं झाली."

"म्हणजे तुम्हाला खड्डा माहीत होता."

"व्हय."

"आणि यंदा?"

त्यांनी पिवळी चिंधी माझ्या हातातून घेतली. "यंदा न्हाई केलं."

बाहेर पंगत बसत होती. भांड्यांचे आवाज येत होते.

"श्रावणात बापूसाहेबांना म्हटलं, खटके बंद करूया, बंदूक मरतीया. तर म्हणाले, खोराटे, तुम्ही तेल घाला, रीत आम्ही बघतो. मग मी म्हटलं, ऱ्हाऊ दे. एकदा फसू दे सगळ्यांदेखत. दरवर्षी मी गुपचूप सारखं करतोय म्हणून त्यांना वाटतंय काय हुईत न्हाई."

"फसू दे," मी म्हणाले. "कुणाच्या हातात फसू दे?"

आबांनी चिंधीची घडी घातली.

"लीगची यादी लागली तेव्हा खंडेनवमीला आठ दिवस होते. कोहळा मी फोडणार हे तुम्हाला कळलं होतं. घरी पेढे तुम्हीच आणलेत."

"व्हय."

"आठ दिवसांत एकदा ही कांडी फिरवायची होती. किती वेळ लागतो?"

"धा मिनटं."

"मग?"

तेव्हा आबांनी माझ्याकडे पाहिलं, आणि ते हसले. खरोखर कौतुकानं हसले. मला ते हसणं आयुष्यभर आठवणार आहे.

"मी बोललो असतो तर उद्या नवीन आर्मरर बघितला असता त्यांनी. तुला कोण काढणार? आणि तू गप बसणार न्हाईस, हे मला ठावं हुतं. वाघीण हाय माझी लेक."

मला वाटलं होतं की त्या सकाळचा सगळा राग मी बाहेर खाणीत संपवून आले. संपला नव्हता. तीस आकडे मोजताना मागे हसणारी माणसं मला आठवली, आणि त्या हसणाऱ्यांच्या बाजूला पाच पावलांवर उभे असलेले आबा. ते सगळे तीस आकडे त्यांनीही मोजले असणार. गोळी का सुटली नाही, हे त्यांना पहिल्या आकड्यापासून माहीत होतं.

"आणि मी नसते बोलले तर?" मी विचारलं. "रडत घरी गेले असते तर? बापूसाहेबांनी सही केलीच नसती तर?"

"पण केली न्हवं."

"मी विचारतेय ते सांगा."

आबांनी खण लावला. मग कपाटाला कुलूप घातलं, आणि कुलूप दोनदा ओढून पाहिलं. "चल, पानं वाढलीत," ते म्हणाले.

मी जेवले नाही. जीप गेली होती त्या रस्त्यानं एकटीच चालत सुटले, नऊ किलोमीटर, फॉर्म छातीशी धरून. वाटेत आबांची मोटरसायकल मागून आली, दोन किलोमीटर माझ्या बाजूनं पहिल्या गिअरमध्ये चालत राहिली, आणि मी बसले नाही.

तीन वर्षं झाली या गोष्टीला. पुण्याच्या शिबिराला मी गेले, आणि तिथून पुढेही बरंच काही झालं. मी आता बारावीत आहे. आमच्या खाणीत खटके बंद झाले. आता खंडेनवमीला प्रत्येकजण थोरलीची लिव्हर उघडतो, शेजारच्याला आत डोकावून रिकामी दाखवतो आणि न मिटताच चादरीवर ठेवतो. बापूसाहेब पाहुण्यांना सांगतात, "ही रीत आमच्या प्रांजलनं घातली." माझं आणि त्यांचं आता झकास जमतं. थोरली चांगली की धाकटी यावर आम्ही दोघं मिळून डॉक्टरकाकांशी भांडतो. बापूसाहेब मला जे काही बोलले ते तोंडावर बोलले, आणि चुकल्यावर माझ्या डोळ्यांत बघून तसं म्हणाले.

ती पुंगळी माझ्या कंपासपेटीत आहे. मैत्रिणी विचारतात तेव्हा मी त्यांना तिच्या कडेवरच्या दोन खुणा दाखवते. खोल आहे ती माझी, असं सांगते. उथळ खूण कुणाची ते अजून कुणाला सांगितलेलं नाही. सगळे समजतात ती थोरलीची.

मध्येच एखाद्या रविवारी, बंदुका पुसताना, मान खाली घालूनच आबा विचारतात, "ती पुंगळी टाकलीस का गं?"

"नाही," मी म्हणते.

मग ते चिंधी फिरवत राहतात.